कणकवलीची पाटी

पहिलीतल्या मुलाला वाचायला शिकवायचं असेल तर ‘कणकवली’ हा फार चांगला शब्द आहे. पाच अक्षरं, त्यांत एकच वेलांटी. जोडाक्षर नाही, अनुस्वार नाही, रफार नाही. शिवाय क दोनदा येतो. तीच खूण पुन्हा दिसली की तोच आवाज पुन्हा करायचा, ही लिपीतली सगळ्यांत मूळ गोष्ट मुलाच्या हाती पहिल्याच शब्दात लागते. आणि माझ्या लेखी याहून मोलाचं असं की देवगड तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात कणकवली ठाऊक नाही असं मूल शोधून सापडायचं नाही. चतुर्थीला मुंबईचे काका तिथल्या स्टेशनात उतरतात. आजीचे डोळे तपासायला तिथे जावं लागतं. सकाळची गाडी तिथे जाते, आणि ती चुकली की घरात कोण कोणाला काय बोलतं हेही मुलांनी ऐकलेलं असतं. शब्द कागदावर येण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या मनात कणकवली नावाचं अख्खं गाव वसलेलं असतं.

संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वाडीतली लहान मुलं जमतात. एसटीच्या पाट्यांवरची नावं मी जाड पुठ्ठ्यांवर, गाडीवर असतात तशाच ठळक अक्षरांत लिहून ठेवली आहेत. कणकवलीच्या खाली मालवण ठेवलं की कोणीतरी ओरडतंच, ‘‘काकी, ह्यो व सारखोच!’’ मग ण सापडतो. ल सापडायला वेळ लागतो, कारण एकीकडे तो नुसता आहे आणि दुसरीकडे त्याला वेलांटी आहे. पण सापडला की कळतं, वेलांटी झाकली तरी आत तोच ल बसलाय. देवगडमधून दे, ग आणि ड मिळतात. मग मालवणचा मा आणि देवगडचा ड कापून शेजारी ठेवायचे. मुलं चाचपडत म्हणतात, मा... ड... आणि एकदम सगळ्यांच्या माना वर होतात, कारण माड खळ्याच्या कडेलाच उभा असतो. पाठोपाठ गड निघतो, वड निघतो, देव निघतो.

एसटीची पाटी ओळखणारं मूल त्याआधी वाचत असतंच असं नाही. गाडीची वेळ, ड्रायव्हरचा चेहरा, कंडक्टरची हाक, यांवरून ते ‘कणकवली’ म्हणतं. त्याच गाडीला कोणी चुकून कुडाळची पाटी लावली तरी ते कणकवलीच म्हणेल. ‘माड’ची गोष्ट निराळी. तो शब्द त्याला कोणी दाखवलेला नसतो. दोन पाट्यांवरच्या दोन खुणा जोडल्या आणि त्यांतून आवाज निघाला, त्या आवाजाला मनात आधीपासून असलेलं झाड भेटलं. खूण, आवाज आणि ठाऊक असलेली वस्तू अशी तिघांची गाठ पडते तेव्हा वाचन सुरू होतं असं मी मानते. तिघांतलं एक जरी नसेल तर मूल एक तर पाठ म्हणतं, नाहीतर अंदाज करतं.

आपल्यापैकी बहुतेक जण अननसापासून सुरुवात करून वाचायला शिकलो. अ अननसाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. त्या तक्त्यावर मुलांच्या पिढ्या शिकल्या, त्याला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. पण दर्यावर वाढलेल्या मुलासमोर ऐरण येते तेव्हा ती वस्तू नवी, तिचं नाव नवं आणि ‘ऐ’ ही खूणही नवी. एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाने करून द्यावी तसं ते होतं. याउलट ‘म माशाचा’ आला की मुलं वेगळ्याच कारणाने अडतात. त्यांच्या घरी नुसता मासा कधी येतच नाही. बांगडो येतो, तारलो येतो, पेडवे येतात, मुडदुशे येतात. चित्रावर बोट ठेवून एकाने मला विचारलं होतं, ‘‘ह्यो खंयचो मासो?’’ चित्रातल्या माशाला ना बांगड्याची शेपटी होती ना तारलीचं पोट. त्या पोराला अक्षर येत नव्हतं, पण शेपटी बघून मासा सांगता येत होता. कल्ले उघडून तो आजचा की कालचा हेही तो सांगतो. लहानसहान खुणांवरून अर्थ काढायची त्याच्या डोळ्याला सवय आहे. शाळेने तिला हाक मारायला हवी.

ती हाक कशी मारायची हे कोकणच्याच किनाऱ्यावर, पार उत्तरेला बोर्डीत, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवून दिलं आहे. ताराबाईंनी बोर्डीला १९४५ साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंख, शिंपले, बिया, खडे, पानं ही त्यांच्या बालवाडीची साधनं झाली. मूल बालवाडीत येऊ शकत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जायचं, यातून अंगणवाडी आली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिंपल्यांची गोष्ट नेहमी काटकसरीचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात त्याहून जास्त काही दिसतं. शिंपला मुलाने शंभर वेळा हाताळलेला असतो, तो काय आहे हे समजून घेण्यात त्याचं मन अडकत नाही, म्हणून सगळं लक्ष मोजण्याला किंवा आकार ओळखण्याला मोकळं राहतं. ओळखीचा शब्द वाचायला देण्यामागेही हेच आहे.

ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी १९६३ साली अंजिकोस नावाच्या गावात सुमारे ३०० प्रौढ कष्टकऱ्यांना वाचायला शिकवलं ते याच वाटेने. आधी लोकांत बसून त्यांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे, ज्यांच्याशी त्यांचं पोट आणि सुखदुःख जोडलंय असे शब्द निवडायचे. पोर्तुगीज भाषेतला विटेसाठीचा शब्द त्यांपैकी प्रसिद्ध आहे. मग त्याचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यांतून नवे शब्द बांधायला लावायचे. जग वाचणं हे शब्द वाचण्याच्या आधीचं, असं ते मानत. ब्राझीलची वीट आणि आमची एसटी, दोन्हीकडे हिशोब एकच.

पण ओळखीच्या शब्दाने सुरुवात केली म्हणून देवनागरी सोपी होत नाही, आणि हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. आपली ३४ व्यंजनं आणि बाराखडी यांचा गुणाकार केला तर चारशेच्या वर रूपं होतात. आता तर ॲ आणि ऑ धरून चौदाखडी आहे, आणि जोडाक्षरं निराळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपल्यासारख्या लिप्यांत अक्षरांची ओळख पहिली-दुसरीत संपत नाही, ती पुढच्या इयत्तांतही चालूच राहते, असं त्यातून दिसलं. शिकवणाऱ्या कोणालाही हे पटेल. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. वेंगुर्ल्याचा रफार ‘ला’च्या डोक्यावर, पण उच्चार त्याच्या अगोदर. डोळ्याचा क्रम एक आणि जिभेचा दुसरा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक एवढ्याशा गाठीचा नाहीतर रेघेचा.

स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाने याची एक बाजू छान उलगडली आहे. लेखन माणसाच्या इतिहासात जेमतेम पाच हजार वर्षांचं, तेवढ्यात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्यच नव्हतं. म्हणून वाचायला शिकताना डाव्या बाजूचा, वस्तू आणि चेहरे ओळखणारा भाग अक्षरांच्या कामाला लावला जातो. त्या भागाची जुनी शिस्त अशी की वस्तू डावीकडून पाहा नाहीतर उजवीकडून, ती तीच. होडीचं तोंड बंदराकडे असो की समुद्राकडे, होडी बदलत नाही. मूल जन्मापासून हेच शिकलेलं असतं. आणि आपण त्याला सांगतो की काना-वेलांटी या बाजूला आली तर ‘दि’ आणि त्या बाजूला गेली तर ‘दी’. डोळ्याने इतकी वर्षं खरं मानलेलं त्याला एका खुणेपुरतं मोडावं लागतं. त्याला वेळ लागणारच. उलटं अक्षर काढणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा घालणारे हात मी पाहिले आहेत, आणि मला ते सहन होत नाही. त्या मुलाची बुद्धी शाबूत असते, ती फक्त होडीचा नियम अक्षराला लावत असते. रोज थोडा वेळ, तोंडाने मोठ्याने म्हणत, बोटाने वाळूत गिरवत केलं तर ते सुटतं. पुळणीवरच्या ओल्या वाळूइतकी मोठी पाटी जगात कुठे नाही.

अंदाजाचं काय करायचं हाही प्रश्न आहेच. आंब्याच्या चित्राखाली ‘आंबा’ लिहिलेलं असतं आणि आमची मुलं सरळ ‘आंबो’ वाचतात. अर्थाच्या बाजूने पाहिलं तर त्यांना सगळं कळलंय. खुणेच्या बाजूने पाहिलं तर शेवटच्या अक्षराकडे त्यांनी पाहिलेलंच नाही. अशा वेळी ‘चूक’ म्हणून पुढे गेलं तर मुलाला वाटतं की त्याच्या घरचा आंबाच चूक आहे. मी त्यांना म्हणते, तू म्हणतोस तो ‘आंबो’ मला लिहून दाखव. ते ‘ब’ला काना-मात्रा देतात. मग छापलेल्या शब्दाशेजारी ठेवून बघायला सांगते. एक मात्रा जास्त आहे हे मुलाचं मुलालाच दिसतं. घरची भाषाही अक्षरांत उतरते आणि पुस्तकाची भाषा शब्दाच्या शेवटापर्यंत नीट बघावी लागते, दोन्ही गोष्टी एका आंब्यात होतात. चित्र मात्र मी नंतर झाकते. चित्र उघडं असलं की डोळा खुणांकडे वळत नाही.

इथवर झाली अक्षरांची ओळख. समजण्याचं काय? खालचा मजकूर वाचून पाहा.

‘आधी एक टोक मागे ठेवायचं आणि दुसरं घेऊन निघायचं. वाटेत थोडं थोडं सोडत जायचं. मोठा वळसा घ्यायचा आणि परत यायचं, पण निघालो तिथेच येऊन चालत नाही. मग दोन्हीकडे माणसं लागतात आणि सगळी उलटी चालतात. सुरुवातीला दोघांतलं अंतर जास्त ठेवायचं, पुढे कमी करत आणायचं. शेवटी घाई केली तर हातचं जातं. ज्याचा हात लागला त्याचा वाटा.’

पुण्या-नागपुरातल्या वाचकाला यातला एकही शब्द अडणार नाही, तरी हे काय चाललंय ते चटकन कळणार नाही. मालवण-आचऱ्याकडचं चौथीतलं मूल दुसऱ्या वाक्याला सांगेल: रापण. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि माणसं मागे मागे चालत ते ओढतात. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली असाच एक उतारा लोकांना दिला होता. तो होता कपडे धुण्याबद्दल, पण विषय न सांगता. आधी विषय कळलेल्यांना तो समजला आणि लक्षात राहिला, बाकीच्यांचा गोंधळ उडाला. १९८८ मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. ‘हा मुलगा वाचनात कच्चा’ असा शेरा प्रगतिपुस्तकात दिसला की मला नेहमी विचारावंसं वाटतं, कशाच्या वाचनात? उतारा कशाबद्दल होता?

नुसतं जाणणं पुरतं असं मात्र नाही, आणि नुसती अक्षरं पुरतात असंही नाही. आंब्याच्या हंगामात आमच्याकडे कलमांच्या राखणीला नेपाळहून माणसं येतात, काही जण बायकामुलांसह. नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात. त्यामुळे एखादा बाप आल्या दिवशीच एसटीची पाटी खणखणीत वाचतो. कुडाळच्या ळ पाशी फक्त अडखळतो, कारण ते अक्षर त्याच्या लिहिण्यात नाही. पण मुलाच्या मराठी पुस्तकातलं पान तो सगळं वाचून दाखवतो आणि शेवटी विचारतो, काय लिहिलंय? उलट आमच्या कितीतरी आज्यांना समुद्र, शेती, सण, नाती यांबद्दल पुस्तकं भरतील एवढं ठाऊक आहे आणि पाटीवरचं एक अक्षर लागत नाही. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली वाचन समजण्याचं गणित गुणाकाराने मांडलं, अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. दोहोंतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. बेरीज असती तर एकाची कमी दुसऱ्याने भरून निघाली असती.

त्या नेपाळी घरांतली मुलं आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात तेव्हा रापण त्यांना ठाऊक नसते. त्यांना बर्फ ठाऊक असतो, उतारावरची पायऱ्यांची शेतं ठाऊक असतात. त्यांच्यातल्या एका मुलीला मी घरच्या गोष्टी सांगायला लावल्या, तिला येत होतं तेवढ्या मराठीत, आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं. ते कागद वाडीतल्या मुलांनी वाचले. बर्फावरून चालताना पाय कसा रुततो हे आमच्या मुलांना तिच्याकडून कळलं. पुढे पाठ्यपुस्तकात हिमालय आला तेव्हा तो त्यांच्या ओळखीचा होता. मुलाच्या तोंडचं लिहून त्यालाच वाचायला देणं यासारखं दुसरं साधन मला सापडलेलं नाही. आपण बोललेलं कागदावर राहतं आणि उद्याही तेच म्हणतं, याचं मुलांना अतोनात अप्रूप वाटतं.

ओळखीच्या जगापाशी थांबायचं मात्र नाही. माड, होडी, बांगडा यांतच मूल फिरत राहिलं तर आपण त्याला वाडीतच कोंडल्यासारखं होईल. वाळवंट, कारखाना, संसद, जिराफ हे सगळं त्याला भेटायला हवं. प्रश्न भेट कशी घडवायची एवढाच. मूल स्वतः वाचून जेवढं समजू शकतं त्याहून खूप जास्त ते ऐकून समजतं, आणि हा फरक बरीच वर्षं टिकतो. म्हणून वाचून दाखवणं, सांगणं, गप्पा मारणं यांची किंमत मोठी आहे. रात्री पडवीत बसून आजी गजाली सांगायची, त्यांत देवचार असायचा, मुंबईची गिरणी असायची, बोटीचा प्रवास असायचा, १९६१ च्या आधीच्या पोर्तुगीज गोव्यात ये-जा करणाऱ्यांचे किस्से असायचे. ज्या घरात हे थांबलं आणि हातात फक्त मोबाईल आला, त्या घरातल्या मुलाला तिसरी-चौथीचा धडा जड जातो. अक्षरं येत असूनही जातो. पालक मग शिकवणी लावतात, आणि तिथे पुन्हा अक्षरंच घोटून घेतली जातात. कमी पट म्हणून एखाद्या वाडीतली शाळा बंद करण्याची भाषा होते तेव्हा मला भीती वाटते ती हीच, की मुलाच्या घरचं काय ते ओळखणारं जवळचं माणूस जाईल.

जाणत्याचं आणि छापलेल्याचं नातं किती पक्कं होऊ शकतं ते भरती-ओहोटीने दिसतं. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला, पाऊणकीच्या पाढ्याने, आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चंद्रामुळे भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून पाऊण तासाचा हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. दिवसाची आणि रात्रीची भरती साधारण त्याच ठोक्याला येते. तिसऱ्या आणि मुळे ही शिंपली काढायला खाडीत उतरायचं तर ओहोटी हवी, त्यामुळे घरातलं लहान पोरसुद्धा भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी शोधतं. जयंत साळगावकर मालवणचे, त्यांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका आमच्या मुलांचं बहुधा पहिलं स्वतंत्र वाचन असते. द्वितीया, चतुर्थी, अष्टमी. केवढी अवघड जोडाक्षरं! पाठ्यपुस्तकात ती येतील तेव्हा येतील, पण तिसऱ्यांसाठी मुलं ती आधीच वाचतात.

वाडीतला एक मुलगा यंदा चौथीत आहे. वाचताना तो अजून बोट ठेवतो, मोठ्या वाक्याला धाप लागल्यासारखा थांबतो. गेल्या महिन्यात तो गोष्टीचं एक पुस्तक वाचत होता. त्यात पौर्णिमेची रात्र होती, बाराचे ठोके पडले होते, समुद्र पार ओसरलेला होता आणि दोन भावंडं ओल्या वाळूतून चालत बेटावर निघाली होती. तो तिथे थांबला. मागे गेला, पुन्हा वाचलं. मला वाटलं, ‘पौर्णिमा’ अडली. ‘‘काकी, ह्या कसा होतला?’’ तो म्हणाला. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे बाराला पाणी जवळजवळ भरलेलं असणार, ती दोघं बेटावर कशी जातील, बुडतील ना. बाकीची मुलं जमली. एकाने पाऊणकी पुन्हा म्हणून बघितली. एकीचं म्हणणं पडलं की गोष्ट दुसऱ्या कुठल्या समुद्राची असेल, पण त्यातलं गाव कोकणातलंच होतं, आणि ते त्याने पान उलटून तिला वाचून दाखवलं.

लिहिणाऱ्याला कळवायलाच हवं असं सर्वांचं ठरलं. पुस्तकाच्या मागे प्रकाशकाचा पत्ता होता, तो त्यानेच शोधला. सध्या पत्र लिहिणं चालू आहे. पौर्णिमा त्याला तोंडपाठ, पण लिहिताना ‘र्णि’वर गाडी अडली. वेलांटी ण च्या आधी काढायची, रफार वर द्यायचा आणि म्हणताना र सगळ्यांत पुढे. मी त्याला मोठ्या अक्षरात काढून दाखवला, त्याने वहीच्या शेवटच्या पानावर भरपूर वेळा गिरवला. पत्रात तिथीचं गणित सगळं मांडायचं आहे म्हणतो, पहिल्या तिथीपासून, म्हणजे त्यांना पुढच्या पुस्तकालाही उपयोगी पडेल.